एकतर्फी

मराठी वृत्तपत्रांनी मराठी भाषेवर जे अन्याय केले त्यांची यादी लांबलचक आहे. पण त्यांतल्या एका अन्यायाविरुद्ध अद्याप कोणी फिर्याद केलेली नाही, म्हणून ती मी येथे दाखल करतो. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला', 'एकतर्फी प्रेमातून तरुणीचा खून' हे मथळे आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांतील शब्दांकडे आता कोणी पाहतही नाही. जो मनुष्य कोयता घेऊन एखाद्या मुलीच्या वाटेवर उभा राहतो त्याच्या मनातील विकाराला 'प्रेम' हे नाव देण्याचा अधिकार बातमीदाराला कोणी दिला? आणि ज्याच्या प्रेमाला प्रतिसाद मिळाला नाही, तरी जो ते दुःख निमूटपणे वाहत आपले काम करीत राहिला, अशा असंख्य सभ्य माणसांना त्याच एका शब्दाने त्या मारेकऱ्याच्या पंगतीला का बसवावे?

हा प्रश्न मला एका अशिलामुळे पडला. त्याच्या संमतीने, आणि ओळख पटेल असा तपशील गाळून, ही हकीकत सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत तो इंजिनियर आहे. वय तिशीच्या आत. त्याच कारखान्यात त्याला तीनेक वर्षांनी वडील असलेली एक सहकारी आहे. पंपाच्या एका कास्टिंगमध्ये वारंवार पोकळी राहत होती आणि माल परत येत होता. सारे वाळूला दोष देत होते, कोणी ओतणाऱ्या कामगारांना. या बाईंनी नमुने कापून पाहिले आणि दाखवून दिले की रायझर कास्टिंगच्या जाड भागाआधीच थिजतो. मग आकसणाऱ्या धातूला भर मिळावी कोठून? रायझरची जागा आणि आकार बदलला आणि तक्रार थांबली. माझा अशील मला हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. तो तिच्या रूपाविषयी अवाक्षर बोलला नाही. अर्धा तास रायझरविषयी बोलला. मी मनात म्हटले, हे प्रकरण गंभीर आहे.

त्याने एकदा तिला आपले मन सांगितले होते. तिने ऐकून घेतले आणि सौम्य पण निःसंदिग्ध शब्दांत नकार दिला. आता त्याने चार पानी पत्र लिहिले होते, आणि ते तिला देणे कायद्यात बसते की नाही एवढेच विचारायला तो माझ्याकडे आला होता. मित्रांचा सल्ला होता की द्यावे. बायकांचा पहिला नकार हा नकार नसतोच!

येथे मला माझ्या धंद्यातला एक शब्द आठवला. 'एकतर्फी' हा शब्द आम्हा वकिलांच्या रोजच्या वापरातला आहे. प्रतिवादी हजर राहिला नाही तर न्यायालय एकतर्फी हुकूमनामा करते. पण केव्हा? समन्स रीतसर बजावले गेल्याची खात्री पटल्यावर. एवढे होऊनही दिवाणी प्रक्रिया संहितेचा नववा आदेश, नियम १३, प्रतिवादीला तो हुकूमनामा रद्द करून मागण्याची मुभा देतो, आणि मुदतीचा कायदा त्यासाठी तीस दिवस देतो. आता प्रेमवीरांचे न्यायालय पाहा. तेथे वादी हाच साक्षीदार, हाच न्यायाधीश. ती एकदा हसली, हा पुरावा. तिने डब्यातला लाडू दिला, हा दुसरा पुरावा. समन्स तर निघतच नाही. हुकूमनामा वादीच्या लाभात होतो, आणि मग हा गृहस्थ थेट दरखास्त घेऊन तिच्या टेबलापाशी उभा राहतो! माझ्या अशिलाने निदान समन्स बजावले होते. प्रतिवादी हजर झाली, तिने कैफियत दिली, दावा फेटाळला गेला. आता तोच दावा पुन्हा लावता येत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

बाररूममध्ये मी हा दृष्टांत सांगितला तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला वेड्यात काढले. "अहो, चिकाटी हाच तर पुरुषार्थ. आम्ही नकार मोजत बसलो असतो तर ब्रह्मचारीच मेलो असतो." मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि त्यांच्या सौभाग्यवतींबद्दल त्याहून अधिक, पण हा विचार घातक आहे असे मी स्वच्छ म्हणतो. जो चिकाटीने यशस्वी झाला त्याची कथा लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. जिने त्या चिकाटीपायी नोकरी सोडली तिची कथा कोणत्या पंगतीत ऐकली आहे? चित्रपटांनी तर हे व्यसनच लावले. २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा संसदेने केला; त्याच वर्षी 'रांझणा' हा चित्रपट पाठलाग करणाऱ्या नायकासाठी प्रेक्षकांना रडवून गेला. कोणाची शिकवण दूरवर पोचली हे सांगायला नको.

चिकाटीचे टोक कोठे असते ते कॅलिफोर्नियाने पाहिले आहे. सनीव्हेल येथील ईएसएल या कंपनीत १९८४ साली एक तंत्रज्ञ नव्याने आलेल्या तरुण इंजिनियर स्त्रीवर भाळला. तिने नकार दिला. तो पत्रे पाठवीत राहिला, थोडीथोडकी नव्हेत. तिने घरे बदलली, तो पत्ता काढीत राहिला. १९८६ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले, तरी पत्रे थांबली नाहीत. १९८८ च्या फेब्रुवारीत तिने न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्याची पुढील सुनावणी १७ तारखेला होती. १६ तारखेला तो शस्त्रे घेऊन कचेरीत शिरला आणि सात माणसे मारली. ती स्वतः जबर जखमी झाली, पण वाचली. जवळजवळ चार वर्षे त्या बाईला देण्याजोगा कायदा त्या राज्याजवळ नव्हता. पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला, तोही आणखी बळी गेल्यावर.

आमच्याकडे तो २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. त्याचे शब्द मला फार मोलाचे वाटतात. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शवली असतानाही तिच्याशी वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी पुन्हापुन्हा संपर्क साधणे, हा गुन्हा. 'पुन्हापुन्हा' आणि 'अनिच्छा स्पष्ट असतानाही', हे दोन्ही शब्द नीट वाचा. मग 'आता ऑफिसात बाईशी बोलायचीही चोरी झाली' ही जी हाकाटी शिकलेसवरलेले पुरुष करतात, ती त्यांनी कायदा न वाचताच चालवली आहे असे दिसून येईल. बरोबरीच्या सहकाऱ्याने एकदा, सभ्यपणे, एकान्ताचा गैरफायदा न घेता मनातले सांगितले तर हे कलम त्याच्या वाटेला जात नाही. वरिष्ठाची गोष्ट निराळी. ज्याच्या हाती बढती आहे त्याच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणे महाग पडते, आणि २०१३ च्या कायद्याचे तिसरे कलम नोकरीतल्या लाभाच्या छुप्या आमिषाचा आणि हानीच्या छुप्या धमकीचा उल्लेख करते तो याचसाठी.

निरपराध पुरुष भरडला जातो, ही दुसरी तक्रार. तीत काडीचेही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काय केले? चौकशी घाईने उरकली म्हणून शिक्षेचा निर्णय रद्द केला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. त्याच निकालपत्रात, इतक्या वर्षांनंतरही कायद्याची अंमलबजावणी ढिसाळ आहे असे सुनावून, सर्वत्र समित्या नेमल्या आहेत की नाहीत ते तपासण्याचा आदेश दिला. म्हणजे न्याय दोघांनाही हवा, आणि दोघांनाही तो मिळत नाही तो समिती कागदावरच राहिल्यामुळे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. आमच्या भागातील किती कारखानदारांना तिच्या अध्यक्षबाईंचे नाव विचारल्यावर सांगता येईल?

पण माझा खरा रोख कायद्यावर नाही. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी अट होती; सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला, तेव्हा ते दार उघडले. यंत्रशाळेत शिरायला ज्यांना इतके झगडावे लागले त्यांच्या गुणांची वाखाणणी करणारा पुरुषच पुढे त्यांच्या पायांतली बेडी व्हावा, यासारखा विपर्यास नाही. तिचे गुण ओळखले म्हणून ती माझी झाली पाहिजे, हा हिशेब आला कोठून? माझ्या अशिलाची मागणी एवढी उर्मट नव्हती. पण त्याच्या चार पानी पत्रात तिच्या कामाची जी स्तुती होती ती वाचून बाईंनी काय समजावे? उद्या बैठकीत त्याने तिच्या आराखड्याला पाठिंबा दिला तर कारखान्यातला प्रत्येक जण ओठ दाबून हसेल, आणि रायझरची ती सारी बुद्धिमत्ता त्या हसण्यात बुडून जाईल. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो प्रथमच गप्प झाला.

मग त्याने विचारले, "वकीलसाहेब, माझे नुकसान झाले त्याचे काय?" प्रश्न रास्त होता. इंग्लंडात १४१० साली ग्लॉस्टरच्या एका शाळामास्तराशेजारी दुसऱ्याने शाळा काढली. पहिल्याची मुले गेली, फी बुडाली. न्यायालय म्हणाले, नुकसान झाले खरे, पण अपकृत्य कोणी केले नाही. दाद मिळणार नाही. नुकसान खोटे आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, हे ध्यानात घ्यावे. या तरुणाचे दुःख खरे होते. मात्र त्या दुःखाचा ऋणको कोणी नव्हता. आमच्या कोंकणी वाचकांचा 'मोग' हा शब्द मला येथे जवळचा वाटतो. आईचा मोग, गावाचा मोग, देवाचाही मोग. त्यात वसुलीची भाषा नाही. मराठीत मात्र आपण 'प्रेमात यश' आणि 'प्रेमात अपयश' म्हणतो, जणू परीक्षाच!

म्हणून माझी वृत्तपत्रकारांना विनंती आहे की हल्ल्याला हल्ला म्हणा, पाठलागाला पाठलाग म्हणा. आणि तो जो कोणी नकार ऐकून परत फिरला, त्याच्यासाठी 'एकतर्फी प्रेम' हे शब्द मोकळे ठेवा. त्याची बातमी होणार नाही, हे मी जाणतो.

माझ्या अशिलाने पुढे कोणतेही कारण न देता स्वतःची बदली मशीन शॉपमध्ये करून घेतली. तिची बदली करवून घ्यावी असा सल्लाही त्याला मिळाला होता. तो त्याने मानला नाही, हे विशेष. ते पत्र माझ्या कपाटात एका फाइलीत आहे. सल्ल्याची फी मी नको म्हणत असता तो देऊन गेला. पत्र मात्र मागायला आलेला नाही.