पन्नास किलोमीटर, अख्खा दिवस!

मुलांनो, आज एक गणित घालते. सेवाग्रामहून निघायचं, पवनार, सेलू, हिंगणी करत बोर धरण गाठायचं. रस्ता पन्नास किलोमीटरच्या आसपास. गाडीला किती वेळ लागेल? मी वर्गात विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "एक तास!" मी म्हटलं, अख्खा दिवस. "एवढा वेळ कावून लागते, मॅडम?" आता ऐका, कावून ते.

सेवाग्राम आश्रमातच तास-दीड तास जातो. गांधीजी इथे १९३६ साली आले, तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. पण बुलढाण्याकडेही एक शेगाव आहेच की! पत्रांची गफलत व्हायची, म्हणून १९४० मध्ये हे झालं सेवाग्राम. बापूंच्या दफ्तरात एक लाकडी पिंजरा आणि लांब चिमटा आहे, तो नक्की बघा. हे साप पकडायचे बरं का. शेतशिवारातली वस्ती, साप निघायचेच. मारायचे नाहीत. चिमट्यात धरायचे, पिंजऱ्यात घालायचे आणि दूर रानात नेऊन सोडायचे. मला तर सगळ्या आश्रमात हीच वस्तू सर्वांत आवडते.

पुढे पवनार. इथे धाम नदीकाठी विनोबाजींचा आश्रम. आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यांत राम-भरत भेटीचंही आहे. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचं मत होतं. ते सगळ्यांना पटलेलं नाही, पण पायाखाली जुनं गाव असावं ही कल्पनाच किती छान! नदीतल्या खडकांवर बसा, डबा खा. वर्ध्याचा गोरसपाक बरोबर असेल तर काय विचारता!

सेलूकडे जाताना दोन्ही बाजूंना काळी माती. थंडीत गेलात तर कपाशीची वेचणी चालू असते. धुऱ्यावर उभं राहून एक बोंड बघा आणि कापसाचे कप्पे मोजा. कुठे चार, कुठे पाच. मावशींना विचारल्याशिवाय तोडायचं मात्र नाही हं.

हिंगणी मागे पडली की सागाचं रान लागतं. बोरला १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र फक्त १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे गाभ्याच्या मानाने देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आता विचार करा. वाघाचं पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईला सोडून स्वतःची हद्द शोधायला निघतं. एवढ्याशा रानात सगळ्यांना जागा कशी पुरणार? मग ते ताडोबाकडे जाईल, पेंचकडे जाईल, मेळघाटाकडे जाईल. मधे शेतं, गावं आणि रस्ते. बोरचा बाजीराव नावाचा रुबाबदार वाघ असाच डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. एवढा मोठा प्राणी, पण गाडीपुढे काय चालणार?

८० च्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे ड्रायव्हरकाकांनी "अरे!" म्हणेपर्यंत दीड मैदान पार! ४० च्या वेगाने तेवढ्याच वेळात ११ मीटर. म्हणून रानात गाडी हळू. रस्ता रिकामा दिसला तरी हळूच. काट्यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं.

धरणावर पोचलात की पाण्याकडे बघत नुसतं बसा. पक्षी दिसतीलच.

आता घरचा अभ्यास. रानातला रस्ता १० किलोमीटरचा आहे असं धरा. ८० ऐवजी ४० च्या वेगाने गेलं, तर किती मिनिटं जास्त लागतील? उत्तर पुढच्या अंकात. तोवर हे गणित बाबांना घाला, बघू त्यांना येतं का!