विश्लेषण : किशोरवयात जगात दुसरे, मोठेपणी ऑलिम्पिकबाहेर! भारतीय व्हॉलीबॉलचे घोडे अडते कुठे?

जुलै २०२५ मध्ये थायलंडमध्ये भारताच्या १६ वर्षांखालील मुलांनी जपानला ३-२ असे हरवून आशियाई स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. या कामगिरीमुळे २०२६ च्या १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे तिकीटही त्यांना मिळाले. समाजमाध्यमांवर अभिनंदनाचे संदेश फिरले आणि दोन दिवसांत विषय संपला. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. किशोर गटात जपानला हरवणारा भारत मोठ्यांच्या व्हॉलीबॉलमध्ये मागे का पडतो? आणि नागपूरच्या मैदानावर रोज संध्याकाळी नेट बांधणाऱ्या नववीतल्या मुलासाठी भारताची जर्सी किती लांब आहे?

युवा संघाची कामगिरी खरंच चांगली आहे?

हो. २००३ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताने अंतिम फेरी गाठली होती. तिथे ब्राझीलकडून पराभव झाला आणि रौप्यपदक मिळाले. २००९ मध्ये २१ वर्षांखालील जागतिक स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या बालेवाडीत झाली. त्यात यजमान भारत चौथा आला. २०२२ मध्ये १८ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला नमवून कांस्य, तर त्याच वर्षी २० वर्षांखालील गटात रौप्य मिळाले.

आता वरिष्ठ संघाकडे बघा. आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताची पदके तीन : १९५८ चे कांस्य, १९६२ चे रौप्य आणि १९८६ चे कांस्य. त्यानंतर पदक नाही. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत कोरियाला हरवूनही भारत सहावा राहिला. ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल १९६४ पासून आहे, भारत तिथे एकदाही पोहोचलेला नाही.

नागपूरच्या मुलाचा रस्ता कसा असतो?

रस्ते दोन आहेत. पहिला शालेय स्पर्धांचा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. नागपूर विभागात नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. म्हणजे गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतल्या मुलाला राज्य पातळीवर जायचे तर आधी विभागाची पायरी चढावी लागते. दुसरा रस्ता संघटनेचा. जिल्हा संघटनेची निवड चाचणी, राज्याचा संघ, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, तिथून भारतीय संघाचे शिबिर आणि शेवटी अंतिम १२ जणांची निवड. भारताची जर्सी या दुसऱ्या रस्त्याने मिळते. अनेक पालकांना हा फरक मुलगा दहावीत गेल्यावर कळतो.

त्यात मैदानाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय सामने इनडोअर, सिंथेटिक पृष्ठभागावर होतात. नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात इनडोअर सोय आहे, पण बहुतेक शाळांतली मुले मातीच्या मैदानावरच शिकतात. मातीवर डाइव्ह मारली की कोपर आणि गुडघे सोलून निघतात. साहजिकच मुले चेंडूसाठी झेप घ्यायला कचरतात आणि स्मॅशवर भर देतात. पुढे मोठ्या स्पर्धेत बचाव आणि रिसिव्हिंग कमी पडते, त्याचे एक मूळ इथे आहे.

'एकच संधी' हा काय प्रकार आहे?

वयोगटाच्या जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होतात आणि वय १ जानेवारीच्या तारखेवर मोजतात. २०२३ च्या १९ वर्षांखालील स्पर्धेसाठी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेली मुले पात्र होती. २०२५ साठी हीच अट २००७ झाली. आता २००६ मध्ये जन्मलेला मुलगा घ्या. २०२३ मध्ये त्याला आपल्याहून वर्षभराने मोठ्या मुलांशी झुंजावे लागले आणि २०२५ मध्ये तो बाद झाला. या वयात एका वर्षात उंची आणि ताकद यांत मोठा फरक पडतो. शिवाय हेच वय बारावीच्या परीक्षेचे. त्या एका वर्षात दुखापत झाली, शिबिर पुढे ढकलले गेले किंवा घरच्यांनी परीक्षेसाठी खेळ थांबवला, की त्या गटाचे दार कायमचे बंद.

म्हणूनच वयचोरी या खेळात फार महाग पडते. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी करून खेळणारा मुलगा एका खऱ्या १६ वर्षांच्या मुलाची ती एकमेव जागा खातो. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरोधात राष्ट्रीय संहिता आणली. हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत वापरली जाते. पण ही तपासणी राष्ट्रीय पातळीवर होऊन उपयोग किती? जिल्हा चाचणीत डावलला गेलेला मुलगा तिथवर पोहोचतच नाही.

पुढे गाडी कुठे अडते?

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. व्हॉलीबॉलपटू बहुतेक साध्या घरांतले असतात आणि त्यांना पहिली गरज असते नोकरीची. रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांची क्रीडा कोट्यातील भरती किंवा महाराष्ट्र शासनाचे खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण हे त्यांचे खरे ध्येय बनते. यात त्यांची चूक नाही. पण नोकरी लागली की खेळ विभागीय स्पर्धांपुरता उरण्याचा धोका असतो. ज्या वयात परदेशी संघांशी सतत सामने हवेत, त्याच वयात ते आटतात.

इराणशी तुलना करा. इराणने २००७ मध्ये १९ वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवले. २०११ मध्ये वरिष्ठ संघ अर्जेंटिनाचे नामवंत प्रशिक्षक हुलिओ वेलास्को यांच्याकडे सोपवला. २०१४, २०१८ आणि २०२३ असे सलग तीनदा आशियाई सुवर्ण जिंकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. किशोर गटातले यश त्यांनी वरिष्ठ संघापर्यंत नेले. २००३ मध्ये जगात दुसऱ्या आलेल्या भारताला ते जमले नाही.

आपल्याकडे संघटनेतल्या भांडणांची भर पडली. डिसेंबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय व्हॉलीबॉल महासंघाला निलंबित केले. पदाधिकाऱ्यांच्या वादाला तारीख पे तारीख चालते, १७ वर्षांच्या मुलाला मात्र पुढची तारीख मिळत नाही.

मग आशा कशाची?

२०२२ मध्ये सुरू झालेल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगमुळे तरुणांना पैसा आणि परदेशी खेळाडूंसोबत सराव मिळू लागला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात क्रीडा संघटनांवर देखरेखीसाठी मंडळ आणि वाद सोडवण्यासाठी न्यायाधिकरणाची तरतूद आहे. वाद लवकर मिटले तर पहिला फायदा वयोगटातल्या मुलांनाच होईल.

तोवर नागपूरच्या पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी तीन गोष्टी आत्ताच कराव्यात. मुलगा आठवीत असतानाच जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्यांची माहिती काढावी. जन्माचा दाखला खरा आणि एकच ठेवावा. आणि त्याच्या जन्मवर्षाला कोणती जागतिक स्पर्धा बसते, हे कॅलेंडर समोर ठेवून बघावे. थायलंडमध्ये जपानला हरवणारी मुले २०२९ मध्ये १९ वर्षांची होतील. तेव्हा त्यांच्यासमोर किती आंतरराष्ट्रीय सामने असतील, यावर त्या कांस्यपदकाचे पुढे काय होणार ते ठरेल.