देवगिरीला जायचे, पण खऱ्या नावाने

आमच्या अभ्यासगटाच्या गेल्या महिन्यातल्या बैठकीत एक साधा विषय निघाला. शनिवार-रविवार जोडून दोन दिवस देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला बघायला जायचे. यादवांची राजधानी, मग मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून हलवलेली राजधानी, पुढे निजामशाहीची राजधानी. नाशिकहून सकाळी निघाले तर दुपारपर्यंत पोहोचता येते. पाच मिनिटांत विषय संपेल असे वाटले होते. बैठक अडीच तास चालली.

पहिला आक्षेप ज्येष्ठांकडून आला. एक काका म्हणाले, "जयंतीला वर्गणी मागताना तुमचे खिसे रिकामे असतात, आणि राजेरजवाड्यांचे किल्ले बघायला पैसे आहेत?" दुसऱ्या टोकाला आमचीच तरुण मंडळी. त्यांचे म्हणणे, "दोन दिवस तरी चळवळ बाजूला ठेवू. फोटो काढू, रील करू, परत येऊ." आम्हाला या दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात, आणि त्याचे उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्याच एका सहलीत सापडते.

होय, सहलीत. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत सहलीला गेले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनात ती हकिगत आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना स्थळदर्शनाची हौस आली, बाबासाहेबांनी सोबत यायचे कबूल केले. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, हे आधी ठरले. वाटेत दौलताबादचा किल्लाही कार्यक्रमात घेतला. सुमारे तीस माणसे, भाड्याच्या बस आणि मोटारी, नाशिकहून येवल्यामार्गे प्रवास. दौलताबाद ही रामदेवरायाची राजधानी होती आणि त्या भागात गेलेल्या प्रवाशाने हा किल्ला चुकवू नये, असे बाबासाहेब स्वतः लिहितात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह लढवणारा माणूस किल्ला बघायला जातो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि अपराधीही वाटत नाही.

म्हणून काकांना आमचे नम्र उत्तर असे, की हौस ही काही विशिष्ट जातींची मिरास नाही. आपल्या आजी-आजोबांनी प्रवास केला तो ऊसतोडीला, गिरणीत कामाला, नाहीतर दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला. निव्वळ बघण्यासाठी, वाऱ्यावर बसण्यासाठी, मुलांना इतिहास दाखवण्यासाठी घराबाहेर पडणे त्यांच्या वाट्याला आले नाही. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते अशाच सहलींमधून पिढ्यान् पिढ्या साठत जाते. आपल्या मुलांनी किल्ला फक्त चौथीच्या पुस्तकात बघायचा का?

पण रीलवाल्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. १९३४ च्या त्या सहलीत पुढे काय घडले, ते वाचून मगच गाडीत बसा.

त्या सहलीचा कार्यक्रम जाहीर केलेला नव्हता. मुद्दामच. अस्पृश्य प्रवाशाला आडवळणाच्या भागात जो त्रास होतो तो टाळण्यासाठी ओळख न देता प्रवास करायचा, असे ठरले होते. जिथे मुक्काम करायचा, तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. दौलताबादच्या वेशीवर वस्तीतले लोक चहा-फराळाची तयारी करून थांबले होते. मंडळींना चहाची तलफ होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा होता. परत येताना चहा घेऊ, असे सांगून ते पुढे गेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. अंगभर धूळ बसलेली. काहींनी तिथे हातपाय धुतले, तोंड धुतले. इतकेच.

पाठीमागून एक म्हातारे गृहस्थ अस्पृश्यांनी तळे बाटवले असे ओरडत आले. रमजानचा महिना होता. बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. सगळ्यात जास्त बोलणी कोणाला खावी लागली? वस्तीतल्या लोकांना. या परक्यांना तुम्ही आधी का सांगितले नाही, म्हणून. दंगल होईल, खून पडतील, अशी वेळ आली. तेव्हा बाबासाहेबांनी जमावाला विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही का? जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने नाव विचारले. बाबासाहेबांनी ते कागदावर लिहून दिले. अखेर आत जाण्याची परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारी शिपाई सोबत दिला गेला.

कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदांमध्ये बसलेला माणूस राजधानी बघतो आहे, आणि त्याने पाण्याला हात लावू नये म्हणून मागे बंदूक चालते आहे. आम्हाला किल्ल्यावर जायचे आहे ते हे डोक्यात ठेवून.

आता आमच्या बैठकीतला दुसरा वाद. मुक्कामासाठी आमच्या एका सहकाऱ्याने एका लॉजवर फोन केला. नाव सांगितले. समोरून विचारणा झाली, पूर्ण नाव? आडनाव सांगितले. गाव कोणते? ग्रुप कसला आहे? मग, "भाऊ, थोड्या वेळाने कळवतो." थोड्या वेळाने कोणी फोन उचलेना. संध्याकाळी दुसऱ्या मित्राने 'चालणाऱ्या' आडनावाने फोन केला, तर खोल्या रिकाम्या होत्या. याचा पुरावा कसा द्यायचा? कोणी नाही म्हटलेले नाही, कोणी जात काढलेली नाही. पुरावा मागे राहू द्यायचा नाही, हीच आजच्या जातीची हुशारी आहे.

बैठकीत सूचना आली, की त्या मित्राच्याच नावाने खोल्या घेऊन टाकू. कटकट कशाला? बाबासाहेबसुद्धा १९३४ साली ओळख न देता गेले होते ना?

आम्ही याला विरोध केला. १९३४ साली निजामाच्या संस्थानात त्या तीस माणसांच्या पाठीशी एकही कायदा नव्हता. गुप्तता ही तेव्हा सावधगिरी होती. आज संविधानाचे कलम १५(२) आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, यांच्या वापराबाबत जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही, असे ते सांगते. त्या यादीत 'तळी' आहेत, हे लक्षात घ्या. महाडचे चवदार तळे आणि दौलताबादचे हे तळे अनुभवलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. तो हक्क मिळाल्यावरही आपण उसन्या आडनावाने खोली घेणार असू, तर त्या कलमाचा उपयोग कोणी करायचा?

याचा अर्थ जिला पुण्या-मुंबईत एकटीने खोली शोधायची आहे, त्या मुलीला आम्ही भित्री म्हणतो असा नाही. एकट्या माणसाने कुठे, किती उघड व्हायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. पण आम्ही वीस जण एकत्र जाणार आहोत. वीस जणांनीही लपायचे असेल, तर उघड कोणी व्हायचे? शेवटी दुसरे ठिकाण शोधले. त्यांनी आधार कार्ड आणि आगाऊ रक्कम मागितली, बाकी काही नाही. खोल्या आमच्याच नावाने घेतल्या आहेत. थोड्या महाग पडल्या. चालेल.

तिसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. दौलताबादच्या तळ्याची हकिगत हल्ली काही मंडळी फार आवडीने पसरवतात. त्यांना बाबासाहेबांबद्दल प्रेम आहे म्हणून नव्हे, तर मुसलमानांवर एक दगड मिळतो म्हणून. आणि आपल्यातलेच काही पुरोगामी ही हकिगत सांगायचे टाळतात. दोन्ही लबाडी आहे. ते आत्मकथन पूर्ण वाचा. लहानपणी वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांना वाटेत पाणी मिळाले नाही, ते हिंदूंकडून. १९१७ साली बडोद्यात पारशांच्या मुक्कामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढले. हिंदू मित्राने घरी घेतले नाही, ख्रिस्ती झालेल्या मित्राने तर पत्नीचे सोवळे पुढे केले. बाबासाहेबांचा निष्कर्ष असा, की हिंदूंना जो अस्पृश्य, तो पारशांना आणि मुसलमानांनाही अस्पृश्य. जात एका धर्मात जन्मली आणि शेजारच्या सगळ्यांना लागली. आरोपीच्या पिंजऱ्यात जातिव्यवस्था आहे. त्यातला एकच प्रसंग उचलून मूळ आरोपीला सोडून देणाऱ्यांच्या मागे आपण जायचे नाही.

किल्ल्यावरही हेच भान ठेवावे लागेल. तिथे यादवांच्या वैभवाच्या कथा ऐकायला मिळतात. त्याच दरबारातल्या हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा व्रतवैकल्ये, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ रचला, हे आपण सोबतच्या मुलांना सांगायचे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, हे सगळे सांगतात. उभा कातळ तासणारे, खंदक खोदणारे, हात सोलवटून घेणारे कोण होते, हे आपण विचारायचे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर त्याने वसवले, शहराला नहरीने पाणी आणले. गुलामाने पाणी आणले, आणि त्याच परिसरात तीनशे वर्षांनी पाण्याला शिवले म्हणून माणसांना शिव्या बसल्या. राजे बदलले, धर्म बदलले, झेंडे बदलले. तळ्याचा नियम मात्र राजधानीच्या कुठल्याच मालकाने बदलला नाही. तो कायद्याने बदलला.

तर आमचा आराखडा असा. शनिवारी पहाटे नाशिकहून निघून येवल्याला मुक्तिभूमीवर थांबायचे. १९३४ च्या सहलीनंतर पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा बाबासाहेबांनी याच येवल्यात केली. दुपारी दौलताबाद. किल्ल्याच्या दाराशी त्या हकिगतीचे वाचन, मग चढाई. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चाँदमिनाराजवळ बसावे, त्यात कमीपणा नाही. उतरल्यावर वस्तीत चहा. नव्वद वर्षांपूर्वी कबूल केलेला तो चहा आमच्या कार्यक्रमात पक्का आहे. प्रवासी निघून जातो आणि बोलणी स्थानिकांना खावी लागतात, हे त्या प्रसंगाने शिकवले. म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांना भेटल्याशिवाय, त्यांची पाण्याची, शाळेची, रोजगाराची स्थिती विचारल्याशिवाय परतायचे नाही.

रविवारी सकाळी वेरूळ. लेणी क्रमांक १ ते १२ बौद्ध आहेत. बहुतेक गाड्या थेट १६ क्रमांकाच्या कैलासापाशी गर्दी करतात, आपण १ पासून सुरुवात करायची. दहाव्या लेण्यात शांत बसून त्रिसरण-पंचशील. दुपारी शहरात नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली आपली पहिली शिकलेली पिढी इथे घडली. शेवट विद्यापीठाच्या कमानीपाशी. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. मधल्या साडेपंधरा वर्षांत जाळलेली घरे, पोचिराम कांबळे यांच्यासारखे शहीद, हे सगळे एका कमानीवरच्या नावासाठी. त्या कमानीखाली खोट्या आडनावाने उभे राहायचे नव्हते, म्हणून तर खोल्यांसाठी एवढा वाद घातला.

तुमच्याही गावाजवळ एखादी जुनी राजधानी असेल. जरूर जा. मुलांना, आईला, सासूबाईंना घेऊन जा. खर्च आधी सांगा, ज्याला जमत नाही त्याचा वाटा बाकीच्यांनी उचला. राजवाडा बघा, तोफा बघा, फोटोही काढा. फक्त तिथले पाणी कोण भरत होते आणि कोणाला पिऊ दिले जात नव्हते, एवढे विचारा. आणि नोंदवहीत नाव लिहायची वेळ आली, की पूर्ण लिहा, आडनावासकट. बाबासाहेबांनीही त्या दारात कागदावर आपलेच नाव लिहून दिले होते.

जय भीम!