साक्षीदाराचं वय नव्हे, आपला प्रश्न तपासा

आपल्याकडे दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. लहान मूल खोटं बोलत नाही, ही एक आणि साठी बुद्धी नाठी, ही दुसरी. गुन्ह्याच्या तपासात दोन्ही घातक ठरतात. कारण मग सगळं लक्ष साक्षीदाराच्या वयाकडे जातं आणि त्याला प्रश्न कसा विचारला, हे कुणी पाहत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही तासांना एक गोष्ट सारखीच दिसते. मुलाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की ते उत्तर बदलतं. सर पुन्हा विचारतात म्हणजे आपलं चुकलं, हे शाळेनंच त्याला शिकवलेलं असतं. मग ठाण्यात साहेबांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तर ते काय करेल? ते खोटं बोलत नाही, मोठ्यांची मर्जी राखतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण हेच सांगतं. १९८३ मध्ये तिथल्या शिक्षकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. बाकीच्यांनी सांगितलंय, तूही सांग, असा आग्रह झाला आणि हवं ते उत्तर दिलं की शाबासकी मिळाली. मुलं शाळेखालच्या भुयारांच्याही गोष्टी सांगू लागली. १९९० मध्ये खटला संपला, तेव्हा एकालाही शिक्षा झाली नव्हती. चुकीच्या प्रश्नांनी सत्याकडे जाण्याची वाटच पुसून टाकली.

वृद्धांची अडचण वेगळी. त्यांना बारीक तपशील कमी आठवतात. चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो कुठं पाहिला यात गल्लत होते. ओळख परेडीत खरा गुन्हेगार नसला, तर मुलं आणि वृद्ध दोघंही तरुणांपेक्षा जास्त वेळा भलत्याकडेच बोट दाखवतात. 'तो माणूस यात नसूही शकतो', एवढं आधी सांगितलं तरी अशा चुका कमी होतात.

आपला कायदा काही पावलं पुढं आला आहे. पोक्सो, २०१२ नुसार वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. मुलाला मध्ये विश्रांती द्यायची, पुन्हापुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार साठीपुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. मात्र कोर्टात उलटतपासणीला उभ्या राहिलेल्या आजोबांना, पोक्सोनं मुलांना दिलेली ही सवलत नाही. ती मिळायला हवी. जबाबाच्या चित्रीकरणाची आज मुभा आहे. मुलांच्या आणि वृद्धांच्या पहिल्या जबाबासाठी तरी ती सक्ती व्हावी, म्हणजे उत्तरासोबत प्रश्नही कोर्टाला दिसेल.

आणि पहिला जबाब बहुतेक वेळा ठाण्यात नव्हे, घरातच होतो. मूल घाबरून काही सांगू लागलं, तर 'अमक्यानंच केलं ना?' असं विचारू नका. 'मग काय झालं?' एवढंच विचारा, आणि थांबा.