बचावाची तयारी दाव्याआधीच हवी

ओखला, नोएडा, फरिदाबाद वा मानेसर येथील लघुउद्योजकाचे कर्जप्रकरण पाहताना आम्ही बँक अधिकारी यंत्रसामग्री, मालसाठा आणि येणी बारकाईने तपासतो. कामगाराने दाखल केलेला दावा मात्र ताळेबंदाच्या टिपांमध्ये ‘आकस्मिक दायित्व’ म्हणून एका ओळीत आटोपलेला असतो. ‘वकील नेमला आहे’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो. माझ्या मते येथेच चूक होते. मालकाचा बचाव न्यायालयात मांडला जातो खरा. परंतु तो घडतो त्याच्या कार्यालयात, दाव्याच्या कितीतरी आधी.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील एका लघुलेखिकेने पुरुष सहकाऱ्यांइतक्या वेतनाची मागणी केली. कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसारच वेतन दिले जाते आणि कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही, असा बचाव कंपनीने केला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. समान वेतनाचे बंधन मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नसते, हा त्या निकालाचा अर्थ.

दुसरे प्रकरण दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्सचे, १९७२ सालचे. कामगाराविरुद्धची अंतर्गत चौकशी सदोष ठरली, तरी मालकाला न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र पुरावा देऊन आपल्या कारवाईचे समर्थन करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र तशी विनंती कामकाज संपण्यापूर्वी व्हायला हवी. पुढे २००१ साली घटनापीठाने, ही विनंती लेखी कैफियतीतच करावी, या नियमास दुजोरा दिला. कायदा मालकालाही संधी देतो. ती वेळेवर घेणे त्याच्या हाती असते.

खोटे दावे होतच नाहीत, असे मी म्हणणार नाही. किंबहुना अशा दाव्यांत प्रामाणिक मालकाचीच अधिक कोंडी होते. नियुक्तिपत्र दिलेले नसते, हजेरीपट अपुरा असतो, आरोपपत्र मिळाल्याची पोच नसते. सत्य त्याच्या बाजूस असूनही ते सिद्ध करता येत नाही. मग कामगारास पुन्हा कामावर घेण्याबरोबरच मधल्या काही वर्षांचे वेतनही द्यावे लागू शकते. लहान उद्योगाचे खेळते भांडवल त्यात सहज बुडते.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. यास केवळ कागदी सोपस्कार समजू नये. आम्हा बँक कर्मचाऱ्यांवरही कधी चौकशी अधिकारी म्हणून काम करण्याची वेळ येते. समोरच्याचे म्हणणे मनापासून ऐकून घेणे आणि ते जसेच्या तसे नोंदवणे, हे तेव्हा आपलेही कर्तव्य ठरते. न्याय्य वागणूक आणि तिची चोख नोंद यांहून भक्कम बचाव कोणताही वकील उभा करू शकत नाही.