मर्दानगीचा मार आणि आपले मौन

घरातील मारहाण ही खाजगी बाब नव्हे, हे आपल्या चळवळीला स्त्रियांनी शिकविले. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले, ते कोणाच्या कृपेने नव्हे, तर त्यांच्या लढ्याने. परंतु मारणारा आणि मार खाणारा हे दोघेही पुरुष व एकमेकांचे जोडीदार असले, की आपल्यातील भल्याभल्यांची वाचा बसते. कोणी हसून विषय टाळतो. कोणी म्हणतो, दोघेही पुरुष, म्हणजे झुंज बरोबरीची!

ही बरोबरी खोटी आहे. ज्याच्या नावावर खोली, ज्याच्या हाती पगार, ज्याच्यापाशी दुसऱ्याचे गुपित, तोच बलवान. ‘तुझ्या घरी कळवीन’ ही धमकी लाठीहून जबर ठरते. समाजाने कलंक लावला नसता, तर तिला धारच आली नसती. हात जोडीदाराचा असला, तरी शस्त्र आपण पुरविलेले असते.

पुरुषाने रडू नये, नमू नये, घरात हुकूम चालवावा, हे बाळकडू समलिंगी मुलालाही मिळते. ‘बायल्या’ म्हणून हिणविलेला एखादा तरुण आपले पौरुष जोडीदाराच्या पाठीवर सिद्ध करू पाहतो. आणि मार खाणारा लाजेने गप्प राहतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१० च्या पाहणीत समलिंगी पुरुषांपैकी २६ टक्के, उभयलिंगींपैकी ३७ टक्के, तर भिन्नलिंगी पुरुषांपैकी २९ टक्के जणांनी आयुष्यात कधी तरी जोडीदाराकडून, मग ती स्त्री असो वा पुरुष, बलात्कार, मारहाण वा पाठलाग सोसल्याचे सांगितले. समलिंगी नातेच हिंसक, असा कांगावा करणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचावेत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद केवळ स्त्रीलाच मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतून ३७७ कलम समूळ गळाले आणि सज्ञान पुरुषावरील बलात्काराला स्वतंत्र कलमच उरले नाही. स्त्रियांचा कायदा बोथट करू पाहणाऱ्यांशी आमचे काडीचेही नाते नाही. त्या कायद्याला हात न लावता या तरुणांसाठी वेगळी तरतूद झाली पाहिजे.

‘आधी भाकरीचा प्रश्न’ असे म्हणणाऱ्या साथींना एवढेच विचारावेसे वाटते : मारकुट्या जोडीदाराची खोली सोडायची, तर नव्या खोलीची अनामत कोठून आणायची? घराने हाकललेल्या, हंगामी नोकरीवरच्या पोराला वकील कसा परवडायचा? हा भाकरीचाच प्रश्न आहे. आपल्या शाखांची कायदा-मदत केंद्रे या तरुणांना उघडी आहेत, असे पक्षाने ठराव करून जाहीर करावे; आणि असा तरुण दाराशी आला, तर त्याची तक्रार गुप्त राखून, पोलीस ठाण्यापर्यंत त्याच्यासोबत जाणारा कार्यकर्ता तेथे असावा. समतेचे नाव घेणाऱ्या पक्षाकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.