घरचे नेट कोण वापरतो?



वसमतकडे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला पाणी सुटले की चारीवर राखण ठेवावी लागते. वरच्याने पाळीपेक्षा जास्त पाणी घेतले, तर शेपटाकडची हळद कोरडी राहते. घरात घेतलेल्या नेटचेही तसेच आहे. मात्र तिथे राखणीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. राऊटरची लहर भिंतीपाशी थांबत नाही. ती अंगणात, गोठ्यात, शेजारच्या ओसरीवरही पोचते. पाहुण्याला एकदा पासवर्ड सांगितला की तो त्याच्या फोनमध्ये राहतो, आणि तिथून आणखी चौघांकडे जातो. मग पीकविम्याचा अर्ज भरायला बसावे, तर पान उघडता उघडत नाही.

पण प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरापर्यंत पोचला. त्याचे वायफाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले होते. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, तरीही त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटचाही असाच गैरवापर झाला. जोडणी ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारी येतात, हे ध्यानात ठेवावे.

आता राखण कशी करावी ते पाहू. घरी विंडोजचा संगणक असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

१) प्रथम घरातील फोन, संगणक, टीव्ही मोजून वहीत लिहावेत.

२) ‘वायरलेस नेटवर्क वॉचर’ नावाचे छोटे साधन नीरसॉफ्ट या निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवावे. ते फुकट आहे. पैसे मागणारा किंवा व्हॉट्सॲपवर आलेला दुवा असेल तर तो सोडून द्यावा.

३) उतरलेली फाईल दाबून बांधलेल्या गठ्ठ्यासारखी असते. ती एका फोल्डरात सोडवावी आणि आतील कार्यक्रम चालू करावा. संगणक घरच्याच राऊटरला जोडलेला असावा.

४) थोड्या वेळात जोडलेल्या साधनांची यादी दिसते. आपला राऊटर व आपला संगणक कोणता, हे त्यात नमूद असते.

५) एकेका फोनचे वायफाय बंद करून, थोडे थांबून, यादीतील कोणती ओळ निष्क्रिय होते ते पाहावे. ती ओळ त्या फोनची. वहीत तशी नोंद करावी.

सर्वांची ओळख पटल्यावर जी ओळ उरेल, ती परक्याची असू शकते. मात्र लगेच शेजाऱ्याशी भांडायला निघू नये. नवे फोन आपला जाळ्यावरचा पत्ता बदलून दाखवतात, त्यामुळे घरचाच फोन दोनदा दिसण्याचा संभव असतो. शिवाय हे साधन कोण जोडले आहे एवढेच सांगते. कोणी किती डेटा ओढला ते सांगत नाही. आपल्या संगणकाने किती घेतला ते विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कच्या भागात ‘डेटा युसेज’ येथे कार्यक्रमवार दिसते.

परका सापडलाच तर उपाय एकच: पासवर्ड बदलावा. राऊटरच्या पानाचा पत्ता बहुधा त्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. नवा पासवर्ड लांब ठेवावा. त्यात मोबाईल नंबर किंवा मुलाचे नाव नको. राऊटरच्या पानात शिरण्याचा मूळ पासवर्डही त्याच वेळी बदलावा, नाहीतर पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होईल. पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी देण्याची सोय राऊटरमध्ये असेल तर तीच द्यावी.

एक गोष्ट बजावून सांगतो. ‘पीएम किसानचे नवे ॲप’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी फाईल उघडू नये. तिच्यातून चोरच फोनमध्ये शिरतो आणि बँकेचे संदेश वाचतो. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की पैसे परत मिळणे कठीण होते.

शेवटी घरातील कारभाऱ्यांना सांगणे असे, की ही राखण परक्यासाठी आहे. मुलगी किंवा सून काय पाहते हे शोधण्यासाठी तिचा उपयोग करू नये. यादी करायची ती सर्वांना सांगून, सर्वांसमोर करावी. महिन्यातून एकदा, नेटचे पैसे भरण्याच्या दिवशी, ही वही उघडली तरी पुरे. बहुधा घरातील शिकणारी पोरेच हे काम आवडीने करतील. त्यांच्या हाती वही द्या.